राणीचे ओठ

हातात माइक आला की चंचलच्या अंगात वारं भरायचं. सौसरच्या शाळेत आज शंभरेक वर्षांपूर्वीचा मुका सिनेमा लावला होता, नि पडद्यावरच्या सगळ्यांचे आवाज काढायचं काम उर्मिला मॅडमनी तिच्यावर सोपवलं होतं. परीकथाच ती. राजा लग्नात नवरीचा आवाजच मागून घेतो, सोन्याच्या डबीत बंद करतो नि डबी कमरेला लावतो.

राजा तिनं असा गुरगुरवला, की पोरं संत्र्याची सालं एकमेकांच्या डोळ्यांत पिळायची विसरली.

तिसऱ्या रांगेत तिची शिवानीताई होती, शेजारी तुषार. पांढुर्ण्याच्या कापूसवाल्यांचा मुलगा. येत्या रविवारी दोघांचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मघाशी गेटवर मॅडमनी विचारलं, "काय गं शिवानी, बीएड करून राहिली ना?" उत्तर तुषारनं दिलं, "नाही मॅडम, तिची इच्छाच नाही." चहा? "ती नाही घेत." ताई नुसती हसली. चंचलही हसली होती. आता पडद्यावर डबीचं झाकण लागलं, नि ते हसू आठवून तिनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

शेवट आला. राणी खिडकीत उभी, ओठ हलताहेत, पण तिचं बोलणं लिहिलेली पाटी येत नाही. 'नि राजाराणी सुखानं नांदले' हे वाक्य चंचलनं पाठ केलं होतं. ते तोंडातून निघेचना. माइक घेऊन ती तडक तिसऱ्या रांगेत आली.

"ताई, तू सांग. राणी काय म्हणून राहिली?"

ताईनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"ती काय सांगते! लाजाळू आहे," म्हणत तुषारनं हात पुढे केला. मागितलाही नाही. ताईनं माइक त्याच्या हातावर ठेवला, रोजचंच असल्यासारखा.

"राणी म्हणते, मी लय सुखात आहे!"

टाळ्या, शिट्ट्या. स्वतःही टाळ्या वाजवायच्या म्हणून त्यानं माइक कमरेच्या पट्ट्यात खोचला.

पडदा पांढरा झाला. त्या उजेडात चंचलला दिसलं, ताईचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"सरका भाऊजी." ती दोघांच्या मधे घुसून बसली.

तुषारचं हसू मावळलं. "चंचल, उठ," तो अगदी हळू म्हणाला.

ती उठली नाही. तिनं कान ताईच्या तोंडाशी नेला.

"पुन्हा बोल ताई. माइक गेला चुलीत. माझा आवाज अख्ख्या सौसरले ऐकू जाते."