दोन मंडळांचा एक चिटणीस

मोतीलालचं सायकलचं दुकान होतं शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहान गावात. पंक्चर काढता काढता त्यानं गावाला कबड्डीचं वेड लावलं. एक्क्याऐंशी साली पोरांना जमवून त्यानं गावाबाहेरच्या पडक्या खळ्यातले दगडगोटे वेचले, जमीन चोपली आणि 'जय बजरंग क्रीडा मंडळ' काढलं. चिटणीस तोच झाला, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नकोच होतं.

मंडळ चांगलं चाललं. सत्त्याऐंशीला धुळ्याच्या स्पर्धेत शील्ड मिळालं, आणि तिथंच सगळं बिघडलं. कप्तान भाईदास म्हणाला, शील्ड माझ्या घरी राहील. शेवटची चढाई करून सामना काढणारा निंबा म्हणाला, माझ्या घरी. दोघं साडू, राहायला एकाच गल्लीत. मोतीलालनं सहा-सहा महिन्यांची वाटणी करून दिली, तर पहिले सहा महिने कुणाचे यावरून वाद. शील्ड मारुतीच्या देवळात टांगलं, तर ते कुणाच्या घराच्या बाजूला टांगलं यावरून वाद! शेवटी निंबानं आपले गडी घेतले आणि 'नवजय बजरंग' काढलं.

त्याचाही चिटणीस मोतीलालच. सगळ्या पोरांच्या या नानानं हात जोडून नाही म्हणून पाहिलं.

"नाना, तुम्ही त्यासना चिटणीस शेतस, मंग आम्हना काबर नही?" निंबा अडून बसला.

तेव्हापासून मोतीलालच्या डोक्याचा भुगा झाला. भाईदास सकाळी खळ्यावर सराव घ्यायचा, निंबा संध्याकाळी. एकानं मारलेल्या रेघा दुसरा पुसायचा. दोघांच्या बायका, ताईबाई आणि लताबाई, सख्ख्या बहिणी. एकीकडची भाजी रोज दुसरीकडे जायची. "गल्ली, भाजी, बठ्ठं एक शे, फक्त कबड्डी न्यारी!" मोतीलाल येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. ऐकून लोक हसायचे. त्याला हसू येत नसे.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात शिरपूरला स्पर्धा ठरली. मोतीलालनं दोन्ही मंडळांची नावं दिली. पण एव्हाना निम्मी पोरं सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागली होती. एसटीत भाईदास पुढे तिघं घेऊन बसला, निंबा मागे तिघं घेऊन. उरलेले मागच्या गाडीनं येतील, असं दोघांनी छातीठोक सांगितलं. मागची गाडी आली. त्यांच्यातलं कुणीच उतरलं नाही. वर निंबाच्या एका गड्यानं पाय मुरगळून घेतला, आणि भाईदासचा एक जण शिरपुरात मामाकडे जेवायला गेला तो परतलाच नाही.

"सात गडी नसतील तर संघ बाद," पंच म्हणाले.

दोन्ही साडू मोतीलालकडे बघायला लागले. आणि मोतीलाल भडकला.

"दोन मंडळं, नि गडी सहा! तुम्हना पायी मन्हं डोकं पिकी गयं! आते एकच संघ उतरी, गावना नाववर."

"कप्तान कोन?" दोघांनी एकदम विचारलं.

"मी! नि सातवा गडी बी मीच."

पन्नाशी ओलांडलेला मोतीलाल पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मैदानात उतरला. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. पकडीला हातात हात घालून साखळी करायची, तर भाईदास आणि निंबा एकमेकांचा हात धरेनात. मोतीलाल मध्ये उभा राहिला, डाव्या हातात एक, उजव्यात दुसरा. दोघंही त्याला आपल्याकडे ओढत होते. एवढ्यात समोरच्या चपळ पोरानं चढाईत मोतीलालच्या गुडघ्याला पाय लावला आणि रेघ गाठली. मोतीलाल बाद.

तो लंगडत बाहेर आला. समोरच्यांची पुढची चढाई सुरू झाली, पण मधली जागा तशीच रिकामी.

"हात धरा रे, हात!" तो घसा ताणून ओरडला. "लगीन नही लावी ऱ्हायनू तुम्हनं!"

सगळं मैदान हसलं. निंबानं मान दुसरीकडे वळवून हात पुढे केला, भाईदासनं तो धरला, आणि चढाईला आलेल्या त्याच पोराला दोघांनी असं आवळलं की त्याला मागे सरकताच येईना. मोतीलाल दुखरा गुडघा विसरून उभा राहिला. चार वर्षांत अशी पकड त्यानं पाहिली नव्हती.

सामना ते हरलेच, बऱ्याच गुणांनी.

परतीच्या गाडीत भाईदास आणि निंबा एकाच बाकावर बसले, मध्ये मोतीलाल.

"शेवटला हात तुन्हा सुटना, म्हनीसन हारनूत."

"मन्हा? तुन्हा सुटना!"

"नाना, तुम्हीच सांगा."

मोतीलाल उठून, बाक धरत धरत, कंडक्टरच्या शेजारी जाऊन बसला आणि गुडघा चोळू लागला. मागून आवाज येतच होते. पुढल्या वर्षी साखळीत डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण, यावर आता दोघांची जुंपली होती.

"दोघंही तुमच्याच गावचे का?" कंडक्टरनं विचारलं.

"काय करणार, माझेच आहेत," मोतीलाल वैतागून म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.