तोंडी किंवा खुणेने

...पाचर पुन्हा सरकली होती. टेबलाच्या डाव्या पायाखालचा बोटभर लाकडाचा तुकडा, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळता. तो सूतभर जरी हलला तरी कप बशीत थरथरतो, चहा सांडतो. त्याने वाकून तळहाताने पाचर आत ठोकली. टक्. आणि हात तिथेच थांबला, कारण या आवाजामागून दुसरे आवाज येतात हे त्याला माहीत होतं – टक्, टक्, हातोडीचे, टेकूंखालच्या पाचरी एकेक करून निसटताना...

"राहू द्या हो," बायको म्हणाली. "गावभर इमारती उभ्या केल्या आणि घरातलं टेबल काही तुमच्याच्यानं सरळ उभं राहत नाही."

तो हसला, पण जरा उशिरा.

"आज होणार ना तुमची समिती?"

"होणार."

"सुटलात एकदाचे. तीन महिने तो मसुदा उराशी धरून बसला होतात."

खरं तर तीन महिन्यांचं काम ते नव्हतंच. गावात होणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक बांधकामावर लक्ष ठेवणारी कायमस्वरूपी समिती : सभासद किती, मुदत किती, काम कधी थांबवायचं, कोणी थांबवायचं. चौदा कलमं. नगरपालिकेत अभियंता म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाला आठवड्याचा मामला. पण सातव्या कलमापाशी तो रोज अडायचा. लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी राहिलं ते असं : 'तोंडी किंवा खुणेने दिलेला आदेश हा आदेश समजू नये.' टंकलेखनाला कागद देताना वाटलं, एक शब्द काढावा. काढला नाही. का नाही काढला, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

कचेरीकडे जाताना तो दवाखान्यावरून गेला नाही. अकरा वर्षं जात नाही. मागच्या गल्लीने सात मिनिटं जास्त लागतात. त्या सात मिनिटांची आता पायांना इतकी सवय झाली आहे की वाट चुकवतो आहोत असंही वाटत नाही. तरी कधी कधी गल्लीच्या तोंडाशी कुणी पाठमोरं दिसतं, खांद्यावर दोरीचं वेटोळं, डावा पाय किंचित फेंगडा... आणि पाऊल जागीच थबकतं. तो नसतो. तो कसा असेल? टेकू-फळ्या बांधणारा तो सेंटरिंगचा मिस्त्री दोन वर्षं तुरुंगात काढून आला आणि चार भांडी घेऊन गाव सोडून गेला. कुठे, कुणालाच माहीत नाही. मी चौकशी केली होती. केली होती? एकदा, टपरीवाल्यापाशी, सहज विचारल्यासारखं. त्याला माहीत नाही म्हटल्यावर किती हलकं वाटलं होतं मला.

दवाखान्याच्या दारावरचा छज्जा. काँक्रीट ओतल्याचा नववा दिवस. मोठ्या साहेबांचा निरोप होता : सोमवारी उद्घाटन, दर्शनी बाजूला बांबूंचं जंगल नको. मिस्त्री खालून छज्ज्याच्या पोटावर हात फिरवत म्हणाला होता, "साहेब, अजून ओल आहे आत. अजून दोन आठवडे तरी राहू द्या. नाहीतर लिहून द्या, म्हणजे काढतो." आदेश लिहायची वही गाडीत होती. वीस पावलांवर. तो गेला नाही. लिहिलं तर अंगाशी येईल आणि नाही म्हटलं तर मोठे साहेब... त्याने काहीच म्हटलं नाही. मिस्त्री बघत राहिला. मग त्याने मान हलवली. एवढीशी. स्वतःलाही नंतर नाकारता यावी इतपत. मिस्त्रीने हातोडी उचलली.

उद्घाटन झालं, टाळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यापुढे रांग लागली होती, आणि ऊन लागतं म्हणून एक बाई छज्ज्याखाली सरकून उभी राहिली.

चौकशीत मिस्त्री म्हणाला, साहेबांनी मान हलवली. वकील हसले. आदेश लेखी आहे? नाही. तोंडी? नाही. मग खुणेने का? सगळेच हसले. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला तसं काही आठवत नाही." खोटंसुद्धा नीट बोलला नाही, अर्धवटच बोलला.

सभागृहात नगराध्यक्षबाई, सहा सभासद आणि खिडकीपाशी ती शिक्षिका. कोसळलेल्या छज्ज्याखाली गेलेल्या त्या बाईची मुलगी. समिती व्हावी म्हणून अकरा वर्षं अर्ज करणारी हीच. प्रत्येक निवडणुकीनंतर नव्या माणसांपुढे जुनाच अर्ज. लोक दमले, ती दमली नाही. तिने त्याला पाहून हात जोडले.

"सर, सचिव म्हणून तुमचं नाव मीच सुचवलंय बरं का. आई गेली तेव्हा कचेरीतलं कुणी फिरकलं नव्हतं. तुम्ही एकटे आला होतात घरी."

आलो होतो. दारात उभा राहून पाणी प्यालो आणि परत गेलो. सांगायलाच आलो होतो, बाई. पाण्याचा पेला रिकामा झाला आणि सांगायचं राहून गेलं...

कारकून कलमं वाचू लागला. एक, दोन, तीन. माना डोलत होत्या. सातव्याला नगराध्यक्षबाई हसल्या. "खुणेने? अहो, हे काय मुक्यांचं खातं आहे का? काढून टाका तो शब्द, उगाच हसं होईल."

"थांबा," शिक्षिका म्हणाली. तिने कागद आपल्याकडे ओढला. वाचला. पुन्हा वाचला. तिने मिस्त्रीची जबानी कितीदा वाचली असेल? अर्जासोबत दर वेळी जोडायची ती. तोंडपाठ असेल.

"हा शब्द कुणाचा?"

कारकुनाने त्याच्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. आताही म्हणता आलं असतं : सहज लिहिला, कायद्याच्या पुस्तकात असतो तसा. वाक्य अगदी तयार होतं, जिभेच्या टोकाशी येऊन बसलेलं, आणि ते किती गुळगुळीत आहे, अकरा वर्षं वापरून किती गुळगुळीत झालंय, ते त्याला तिथे बसल्या बसल्या जाणवलं.

"माझा," तो म्हणाला. मग आपलाच आवाज ऐकू आला, दुसऱ्या कुणी खोलीत येऊन बोलावं तसा : "मिस्त्री खरं बोलला होता. मी मान हलवली होती."

कुणीतरी खोकलं. नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "साहेब, तब्येत बरी आहे ना तुमची? आपण जरा चहा घेऊ." सभासदांनी खुर्च्या सरकवल्या. शिक्षिका मात्र बसून होती. रडली नाही, ओरडली नाही. कारकुनाला म्हणाली, "शब्द राहू दे. आणि साहेब आत्ता जे बोलले तेही लिहून घ्या, शब्दन् शब्द." मग उठली, पर्स तिथेच ठेवून बाहेर गेली.

खोलीत तो आणि कारकून. लेखणीची कुरकुर.

त्याला वाटलं होतं, बोललो की मोकळं वाटेल. तसं काहीच झालं नाही. मिस्त्री कुठेतरी असेल किंवा नसेल. त्याची दोन वर्षं एका वाक्याने परत येणार नव्हती. नोकरीचं काय, पोलीस येतील का, घरी काय सांगायचं – हे सगळं होतंच, पण लांब, शेजारच्या घरात कुणी बोलावं तसं. ती परत येईल. पर्स इथे आहे. येऊन काय म्हणेल? अकरा वर्षं तो या बाईला चुकवत आला, रस्त्यात, कचेरीच्या जिन्यावर. आता तो दाराकडे बघत बसला होता, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात येऊ लागलं की ती येईल याची भीती आपल्याला वाटत नाहीये. ती पर्स न्यायला दुसऱ्याच कुणाला पाठवेल, याची वाटते आहे.