ब्रॅनिगनचा मागचा पाय

“डबल पिवळा, नारायणराव!” असा आवाज कानात आला आणि नारायणरावांनी बशीत चहा ओतायला घेतला. आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा होता; इंजिनाच्या धडधडीतून वाट काढत आलेला, कोवळा, जरासा घाबरलेला. त्या आवाजाचा धनी आता अडुसष्ट वर्षांचा होऊन समोरच्या खुर्चीत चहा पीत बसला होता. बशी भरली. चहा काठावरून उतरला, टेबलावरच्या वर्तमानपत्रात शिरला आणि ऑस्ट्रेलियाचा फलंदाज ब्रॅनिगन याच्या छायाचित्राला हनुवटीपर्यंत भिजवून थांबला.

“तुमचा माणूस इथे उतरला नाही तोच बुडाला,” दिवाकर म्हणाला.

“त्याची टाच बघ,” नारायणराव म्हणाले. “बुडतानाही जमीन सोडत नाही.”

दिवाकरने पाहिलं. छायाचित्र शर्टाच्या खिशापाशी संपत होतं. त्याने फडक्याने टेबल पुसलं, आपल्या कपातला चहा सावकाश संपवला आणि टाचेबद्दल एक अक्षर काढलं नाही. एरवी नारायणरावांचं एवढंसं चुकलं तरी तो आठवडाभर ते चघळत असे.

झाशी–बीना मार्गावर अकरा वर्षं दोघं एका इंजिनात होते, नारायणराव ड्रायव्हर आणि दिवाकर त्यांचा सहायक. पुढचा सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने पुकारायचा, दुसऱ्याने स्वतः पाहून तोच परत पुकारायचा. दिवाकर नवा असताना एकदा मान वर न करता ‘हिरवा’ म्हणून मोकळा झाला होता. रंग हिरवाच होता, तरी नारायणरावांनी बीना येईपर्यंत त्याला फैलावर घेतलं होतं. पाहिल्याशिवाय पुकारायचं नाही. अकरा वर्षं दिवाकर त्यांचे शब्द परत उच्चारत राहिला. निवृत्त झाल्यावर मात्र त्याने जणू त्याचं उट्टं काढलं. नारायणराव पूर्व म्हणाले की हा पश्चिम. भारताचा कौशिक मोठा फलंदाज की ऑस्ट्रेलियाचा ब्रॅनिगन, या वादात नारायणरावांनी परक्याची बाजू घेतली ती सहा वर्षांपूर्वी, आणि दिवाकरने कौशिकला आपला मानला तो त्याच मिनिटाला.

दोन महिन्यांपासून नारायणरावांच्या जगावर दुधाची साय धरली होती. त्यांची बायको भानुमतीबाई ‘मोतीबिंदू’ म्हणाल्या की ते कपाटाच्या दाराकडे बोट दाखवायचे. तिथे त्यांच्या रेल्वेतल्या शेवटच्या नेत्रतपासणीचा कागद प्लॅस्टिकमध्ये जडवून लावलेला होता, शेरा ‘ए-वन’. आता त्यांचं बोट दारापासून वीतभर बाजूला जात असे, भिंतीवरच्या पालीकडे. भानुमतीबाई पालीकडे पाहायच्या आणि परत भाजी निवडायला घ्यायच्या.

आणि रविवारी मराठी मंडळाची ‘तुलना’ होती; यंदाचे वक्ते हेच दोघं.

झाशीत खंडेराव गेटच्या आत मंडळाची खोली आहे. मोठी कसोटी मालिका तोंडावर आली की मंडळ एका दुपारी दोन वक्ते बसवतं, दोन खेळाडू वाटून देतं आणि भांडायला सांगतं, तेही निव्वळ मराठीत. हिंदी शब्द तोंडून गेला की परीक्षक पूजेची घंटी वाजवते आणि वक्त्याची एक विकेट पडते. पोरांच्या कानावर मराठी पडावी म्हणून हे सुरू झालं होतं. पोरं आता फक्त विकेटी मोजायला येतात. यंदा मंडळाचा चिटणीस पराग याने पडदा आणला होता. त्यावर मुक्या चित्रफिती दाखवायच्या आणि आपल्या खेळाडूचे पाय, मनगट, नजर काय करते ते वक्त्याने बघता बघता सांगायचं.

पडद्याचं कळल्यापासून नारायणरावांची भूक गेली होती. तो पांढरा चौकोन त्यांना पांढरा चौकोनच दिसणार होता. मग सगळ्या झाशीतल्या मराठी माणसांना कळणार होतं की ए-वन संपलं.

पहिली फेरी तोंडी होती. दिवाकर झाशीजवळच्या गुरसरायच्या जुन्या मराठी घरातला. आईच्या ओव्यांची चाल त्याच्या गळ्यात मुरलेली होती. तो उभा राहिला आणि हात हवेत फिरवत म्हणाला,

“कौशिकची बॅट बाई, देवघरातली घंटा;
ब्रॅनिगनची बॅट म्हणजे शेजारणीचा तंटा.”

बायकांच्या रांगेत हशा पिकला. नारायणरावांनी घसा साफ केला.

“घंटा वाजे एकदा, मग देव झोपेत दंग;
तंटा चाले दिवसभर, त्यातच खरा रंग.”

दिवाकरची पहिली विकेट ‘लेकिन’वर पडली, नारायणरावांची ‘मतलब’वर. गोंधळ वाढला तेव्हा परीक्षक सुहासिनीताई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, ‘शांत रहिए’ म्हणाल्या आणि न्यायाने स्वतःवरच घंटी वाजवली.

मग परागने खिडक्या लावल्या. पडदा उजळला.

नारायणराव पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. समोर कोजागरीच्या दुधासारखं काहीतरी हलत होतं. त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला, चष्मा पुसला, परत पुसला. खोलीतल्या खुर्च्या करकरायला लागल्या.

“मागचा पाय. ऑफकडे.”

आवाज शेजारच्या खुर्चीतून आला होता. हळू, सपाट, ओठ न हलवता. नारायणरावांची मान आपोआप ताठ झाली.

“मागचा पाय, ऑफकडे!” ते गरजले.

“डोकं स्थिर.”

“डोकं स्थिर! बघा, कुंभाराच्या चाकाचा मधला खिळा. भोवती सगळं फिरतंय, खिळा जागेवर.”

टाळ्या पडल्या. आपल्याच प्रतिपक्षासाठी दिवाकर रंग पुकारत होता आणि नारायणराव त्यावर गाडी हाकत होते. तीन चेंडूंत त्यांनी ब्रॅनिगनला असा उभा केला की कौशिकच्या बाजूची माणसंसुद्धा पुढे सरकून बसली.

चौथ्या चेंडूला परागच्या लॅपटॉपने, न विचारता, पुढची फीत लावली. कपडे पांढरेच, पण हेल्मेट निळं. कौशिक. खोलीत कुजबूज झाली. परागने हात पुढे केला, तेव्हा दिवाकरने खुर्चीतूनच पंजा दाखवून त्याला थांबवलं.

“पुढचा पाय. लांब,” तो पुटपुटला. “चेंडू कव्हरमधून चौकार.”

“पुढचा पाय, लांब! कव्हरमधून चौकार!” नारायणराव आता पुरते रंगले होते. “हा पाय, मंडळी, कमावलेला नाही, आईच्या पोटातून आणलेला आहे. असा पाय फक्त ब्रॅनिगन टाकतो. कौशिकने हा बघावा, समोर बसून बघावा आणि शिकावं.”

मग मागच्या रांगेत कोणीतरी फुटलं आणि त्याच्या मागून सगळी खोली. नारायणरावांनी ती दाद समजून मान लववली. तिसऱ्या रांगेत भानुमतीबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या दिवाकरकडे पाहत होत्या.

सुहासिनीताईंनी बराच विचार केला. नारायणरावांनी प्रतिपक्षाच्या खेळाडूचं इतकं सुंदर वर्णन मुद्दाम नाव बदलून केलं, मोठेपणाला देश नसतो हे त्यांनी आम्हाला हसवत दाखवलं, सबब सामना बरोबरीत, असा निकाल त्यांनी दिला. तो ऐकताना नारायणरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लोक पाठ थोपटायला आले तेव्हा ते म्हणाले, ती तर माझी खेळीच होती. कोणीतरी ‘क्या बात है दादाजी’ म्हणालं, त्यावरही घंटी वाजली.

भानुमतीबाई बायकांबरोबर रिक्षाने पुढे गेल्या. हे दोघं चालत निघाले. रेल्वे कॉलनीजवळच्या पुलावर आले. सूर्य किल्ल्यामागे टेकला होता, उजेड अजून बराच होता. पुलाच्या मध्यावर नारायणराव थांबले.

“कौशिक आहे हे मला का नाही सांगितलंस?”

“पाय सांगितले ना.”

“नाव का नाही सांगितलंस?”

“पाहिल्याशिवाय पुकारायचं नाही,” दिवाकर म्हणाला, “हे मला कोणी शिकवलं?”

खाली रूळ बीनाच्या दिशेने वळत गेले होते. दिवाकरने कठड्यावर कोपर टेकलं आणि समोर, स्टेशनात शिरायच्या सिग्नलकडे हनुवटी केली.

“होम सिग्नल. काय आहे?”

नारायणरावांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. खाली एक मालगाडी नुकतीच थांबत होती. तिच्या ब्रेकचा सुस्कारा त्यांनी ओळखला. ‘लाल’ म्हणता आलं असतं. ते बरोबरही ठरलं असतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कॉलनीतून कुणाच्या तरी फोडणीचा वास पुलावर आला आणि गेला.

“दिसत नाही, दिवाकर.”

दिवाकर सरळ उभा राहिला.

“दिसत नाही,” त्याने पुकारलं. स्पष्ट, एका सुरात, नियम होता तसं.

नारायणरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. नाहीतरी त्याचा उपयोग नव्हता.

“गुरुवार, सकाळी साडेदहा,” दिवाकर म्हणाला. “डोळ्यांचा दवाखाना. वहिनींनी मला नंबर लावायला सांगितलं होतं, महिना झाला. नंबर लागलाय; सांगायचं मीच थांबवलं होतं.”

“कशासाठी?”

“तुम्ही आधी पुकारण्यासाठी.”

नारायणरावांनी धोतराचा सोगा सारखा केला.

“गुरुवारी साडेनऊला कसोटी सुरू होते,” ते म्हणाले.

“होऊ दे.”

“आणि पहिली बॅटिंग त्यांची आली तर?”

दिवाकरने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुलावर तिसरं कोणी नव्हतं. दाढ काढून देत असावा तसा त्याचा चेहरा झाला.

“आली तर आली,” तो म्हणाला. “आपण परत येईपर्यंत ब्रॅनिगन खेळतच असेल. त्याला काढणारा बोलर आपल्याकडे नाही.” आणि चार पावलं चालून गेल्यावर, “हे मंडळात बोलायचं नाही.”