आवळीला आलेले आवळे

श्रीधररावांना फोटोत खोटेपणा खपायचा नाही. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी चांगला गलेलठ्ठ कॅमेरा घेतला आणि त्या दिवसापासून त्यांच्या बायकोच्या, म्हणजे सुनीतीबाईंच्या, सहलींचं पार वाटोळं झालं. सिंहगडावर जा नाहीतर पानशेतला, पिठलं-भाकरी समोर आली की हे ओरडणार, “कोणी हात लावू नका! आधी फोटो!” मग ऊन बघणार, ढग बघणार, गुडघे टेकणार, उठताना मुलाकडे हात मागणार. तोवर पिठल्याचा दगड झालेला. बरं, कोणी कॅमेऱ्याकडे बघून जरा हसलं तर तेही चालायचं नाही. “निसर्ग पोझ देतो का? मग तुम्ही का देता?” त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांच्या फोटोंत सगळं घर दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसल्यासारखं दिसायचं.

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या निसर्ग मंडळाची दरवर्षी दिनदर्शिका निघते. दर महिन्याच्या पानावर एका सभासदाने काढलेला फोटो. श्रीधरराव नेमाने फोटो पाठवत आणि ते नेमाने नाकारले जात. यंदा कार्तिकाच्या पानासाठी आवळीभोजनाचा फोटो हवा होता. आवळीच्या झाडाची पूजा करून त्याच्याच सावलीत पंगत मांडायची, हे या घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं. श्रीधररावांना वाटलं, हे पान आपलंच. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. “पुढच्या वर्षी दिसतंय की नाही कोण जाणे,” असं ते एकदाच म्हणाले, पण सुनीतीबाईंच्या काळजात चर्र झालं. या माणसाला एवढं एक पान मिळू दे रे बाबा, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

रविवारी मंडळी तळजाईच्या टेकडीवर पोचली. श्रीधरराव, सुनीतीबाई, मुलगा सलिल आणि सून स्वराली. वाटेत मंडईत थांबून सुनीतीबाईंनी मोरावळ्यासाठी चांगले टपोरे आवळे घेतले होते. झाड नेहमीचंच, पण यंदा त्याच्यावर औषधालाही आवळा नव्हता. कोणीतरी आधीच झोडपून नेले होते.

श्रीधररावांचा चेहरा पडला. “फळं नसलेली आवळी! बघणाऱ्याला ती बाभूळ वाटेल. मी दुसरं झाड शोधतो. सलिल, स्टँड घे. आणि मी येईपर्यंत कोणी डबा उघडायचा नाही.”

“अहो, पुऱ्या वातड होतील!”

“होऊ देत. फोटो वातड होता कामा नये.”

बापलेक झुडपांत दिसेनासे झाले. ऊन चढलं. मसालेभाताचा वास डब्यातून बाहेर यायला लागला. स्वराली हिंजवडीत कंपनीत कामाला, सकाळी नुसत्या कॉफीवर निघालेली. ती म्हणाली, “आई, आय ॲम स्टार्विंग. बाबा आता सिंहगडापर्यंत जाणार, बघा तुम्ही.”

सुनीतीबाईंनी झाडाकडे पाहिलं. मग आवळ्यांच्या पिशवीकडे पाहिलं. मग हातातल्या बांगडीकडे, जिला सेफ्टी पिनांचा घोस लटकत होता.

“स्वराली, तुझी उंची बरी आहे गं,” त्या म्हणाल्या.

पुढचा काही वेळ दोघींनी जे केलं ते सांगायलाही लाज वाटावी. सुनीतीबाई आवळ्यात पीन खुपसून देत होत्या आणि स्वराली ती फांदीला अडकवत होती. बांगडीतल्या पिना संपल्या तेव्हा ओढणीच्या निघाल्या, ओढणीच्या संपल्या तेव्हा पदराची निघाली. झाड असं लगडलं की खऱ्या आवळीने बघून मान खाली घालावी. दोघी हसून हसून बेजार झाल्या.

श्रीधरराव घामाघूम होऊन परतले. वर बघतात तो काय!

“अगं, आहेत की आवळे!”

“आहेतच की,” सुनीतीबाई म्हणाल्या. “मघाशी ऊन डोळ्यांवर येत होतं तुमच्या.”

“बघ, सलिल! निसर्गाला वेळ द्यावा लागतो. डोळा तयार असावा लागतो!”

सलिलने एक आवळा जवळून पाहिला आणि त्याला जोराचा ठसका लागला. स्वरालीने पदर नाही म्हणून ओढणी तोंडात कोंबली. श्रीधरराव “हसू नका, हसू नका” म्हणून ओरडत राहिले आणि फोटो काढत राहिले. त्या दिवशी सगळ्यांना वेळेवर जेवायला मिळालं.

फोटो निवडला गेला. खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

मंडळाच्या सभेत निवडलेले फोटो मोठ्या पडद्यावर दाखवत होते; श्रीधररावांचं सगळं घर पहिल्या रांगेत. आवळीचा फोटो आला तशी अध्यक्ष रंगराव खुर्चीतून उठले. त्यांची पुरंदरला आवळ्याची बाग.

“श्रीधरराव, आवळा फांदीला चिकटून धरतो. तुमचे कंदिलासारखे लोंबतायत कसे? आणि हे चमकतंय काय?”

“दव असेल,” श्रीधरराव ताठ मानेने म्हणाले.

“भर दुपारी?”

सभेत खसखस पिकली. श्रीधररावांचे कान लाल झाले. “रंगराव, मी उभ्या आयुष्यात फोटोत एक काडी इकडची तिकडे केलेली नाही. खोटं निघालं तर कॅमेरा कायमचा खाली ठेवीन!”

गप्प राहावं तर नवरा सगळ्यांसमोर खोटा ठरतो, बोलावं तर हातचं पान जातं. सुनीतीबाईंना स्वतःचा भयंकर राग आला. दोन पुऱ्यांसाठी काय करून बसलो आपण! त्या उठल्या.

“त्या पिना माझ्या आहेत आणि आवळे मंडईतले,” त्या म्हणाल्या. “यांना काही ठाऊक नाही. यांना मोतीबिंदू आहे आणि आम्हाला भूक लागली होती.”

मग रंगरावच आधी हसले, आणि त्यांच्यामागून सगळी सभा. रंगराव डोळे पुसत म्हणाले, “श्रीधरराव, आजवर तुमच्या घरच्यांचे फोटो आम्ही परत का पाठवले माहीत आहे? बघवत नसत हो ते चेहरे! इथे ही माणसं जेवायला आल्यासारखी दिसतायत. पान तुमचंच. खाली छापू, आवळे मंडईतले. आणि आंब्याच्या मोहोराचा फोटो कोणीच दिलेला नाही, ते माघाचं पानही तुम्हीच घ्या. आठवड्यात द्या मात्र, छपाई खोळंबली आहे.”

घरी परतताना सलिलच्या गाडीत श्रीधरराव एक शब्द बोलले नाहीत. अलका चौक गेला, टिळक रस्ता गेला. सुनीतीबाईंनी दोनदा विचारलं, “रागावलात?” ते रस्त्याकडेच्या झाडांकडे बघत राहिले. आता हा माणूस खरंच कॅमेरा ठेवून देणार, या विचाराने त्यांना रडूच यायला लागलं. गाडी घराच्या बोळात वळली तसे श्रीधरराव मागच्या सीटवर सुनीतीबाईंकडे झुकून, सलिलला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले,

“अगं, आत्ता कुठे मोहोर असणार? तुळशीबागेत खोटा मिळेल का?”