निंदण वगळणारी मशीन

मित्रांनो, मी एक जुनी आकडेमोडीची मशीन आहे. काळी, लोखंडी, आणि उचलायला गेलात तर 'अगं आई गं' म्हणाल इतकी जड! सातासमुद्रापलीकडे माझ्या चाकांचे दात घडवले गेले. बोटीने मुंबई, मग जलंबला गाडी बदलून मी खामगावला आले आणि कापूस संशोधनाच्या शेतावरच्या कचेरीत थाटात बसले. मूठ पुढे फिरवली की बेरीज, मागे फिरवली की वजाबाकी. काय रुबाब होता माझा! पण खरं सांगू? मला आपणहून एक आकडाही बोलता येत नाही. विचाराल तेवढंच, आणि विचाराल त्याच क्रमाने. आपल्याच लोखंडाच्या पोटात मी कोंडलेली.

माझी मूठ सिंधूताई फिरवायची. तिच्या घरातली ती पहिली मॅट्रिक. तिची आई भिमाबाई त्याच शेतावर निंदायला, म्हणजे पिकातलं गवत खुरप्याने काढायला यायची.

१९६५ साली वरून एक छापील तक्ता आला. एकरी कापूस कशाने वाढतो, हे शोधायची पायरीपायरीची रीत! पाऊस, शेणखत, बैलांच्या डवऱ्याने केलेली डवरणी, बायांच्या हातचं निंदण अशी कारणं मांडायची. कापसाशी सगळ्यांत जास्त जुळेल ते आधी हिशेबाच्या आत घ्यायचं. मग उरलेल्यांत जे आणखी भर घालेल ते. जे भर घालत नाही ते सरळ बाहेर.

"डोकं चालवायचं नाही, सिंधूबाई," कचेरीचे प्रमुख शेषराव साहेब म्हणाले. "तक्ता म्हणेल तसं. मुंबईच्या मोठ्या यंत्रात तर हे आपोआपच होतं म्हणे!"

अकरा दिवस मी खडखडले. डवरणी केसभर पुढे होती, ती आत आली. मग निंदणाची भर निघाली जवळजवळ शून्य. निंदण बाहेर! साहेबांनी अहवाल लिहायला घेतला: निंदणाने कापूस वाढत नाही. शनिवारी तो गेला की सोळा बायांचं काम बंद.

दुपारी भिमाबाई ओसरीवर येऊन बसली.

"काऊन वं, तुह्या मशीनीनं आमाले हाकलून देल्लं म्हनते?"

"माय, आकडेच तसे आले."

"आले असतीन! डवरा वळीच्या मंधातून जाते. झाडाच्या बुडातलं गवत कोन काढते, तुही मशीन?"

सिंधूताई हसली नाही. तिने वावरांची वही उघडली. ज्या वावरात डवरा चारदा फिरला, तिथे मागून बायाही चारदा बसल्या होत्या. एकदा फिरला, तिथे एकदाच. दोन्ही कामं कायम जोडीनेच! मग जे आधी आत शिरेल ते दुसऱ्याचा वाटाही खाणारच की!

तिने या खेपेला मुद्दाम निंदण आधी घेतलं. माझे दात शिवशिवत होते: विचार गं, विचार! आणि डवरणी बाहेर पडली.

"एकच मशीन आणि दोन उत्तरं?" साहेब कडाडले.

"दोन्ही खरीच आहेत, साहेब. विचारायचा क्रम बदलला फक्त."

"तक्ता वरून आलाय. तो चुकत नसतो." साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, आकडे ताडून पाहिले आणि आवाज खाली आणला. "मशीन नादुरुस्त आहे, असं लिहून द्या. मग अहवाल मला थांबवता येईल."

सिंधूताईचा हात माझ्या मुठीवर होता. मी ठणठणीत होते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायलाही कोणाला तरी मूठ फिरवावी लागते. शेवटी तिने लिहिलं, सही केली, आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

सोमवारी सोळाही बाया वावरात बसल्या. मी कपाटात गेले, गळ्यात 'नादुरुस्त'ची चिठ्ठी बांधून. कुलूप लागलं ते लागलंच.

मित्रांनो, मला तेल घाला, गंजू देऊ नका, हे तर मी मागणारच! पण यंत्राने कोणाला बाहेर काढलं, तर आधी जाऊन त्या माणसाला त्याचं काम विचारा. आम्हाला ते विचारता येत नाही हो.