संपावरचा काका

नवरा घरात बसला की घर लहान होतं, असं पाळणाघरवाल्या मावशींचं ठाम मत होतं, आणि बसचा संप सुरू झाल्यापासून त्या ते उठता-बसता ऐकवत होत्या. मुळात खोल्या दोन. त्यात मुलांच्या सतरंज्या, दुधाचे पेले, वाळत घातलेली दुपटी, आणि या सगळ्याच्या मधोमध हा सहा फुटी ड्रायव्हर. सकाळी डेपोच्या दारात जाऊन घोषणा द्यायच्या आणि दुपारी घरी येऊन सगळ्यांच्या पायात पायात यायचं, असा त्याचा दिनक्रम. भर बाजारातून अख्खी बस अलगद काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात पाऊल टाकायला जागा सापडत नव्हती.

मुलांना मात्र तो भलताच आवडला. मावशींचा नवरा म्हणून ‘काका’ ही पदवी त्याला आयतीच मिळाली. काकाच्या पोटावर बसायचं, काकाच्या मिशा ओढायच्या, आणि काका ओरडला की खिदळत पळायचं. ओरडण्याचा इतका अपमान त्याच्या कुठल्याही प्रवाशाने केला नव्हता.

मावशींची ताकीद एकच होती. “आईबापांसमोर तोंड उघडायचं नाही. कुणी विचारलंच तर सांगायचं, घरीच असतो.”

ताकिदीला कारण होतं. पाळणाघरातल्या जुळ्यांच्या बापाला कुठून तरी बातमी लागली होती. “तुमचे यजमान आमचे हाल करणार, आणि आम्ही तुमचं घर चालवायचं?” असं म्हणून तो जुळ्यांना दोन काखांत मारून निघून गेला. त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही, आणि हेच मावशींना जास्त झोंबलं. ड्रायव्हरचा पगार बंद होता. आता चूल या उरलेल्या मुलांवर पेटत होती. आणखी कुणाला कळलं तर पाळणाघराला टाळं लावायची वेळ येणार, हे दोघांनाही स्वच्छ दिसत होतं.

त्या संध्याकाळी आईबाप येत गेले, कुणी सायकलवर, कुणी पायी, कुणी कुणाच्या तरी स्कूटरवर मागे लटकून. सगळी मुलं गेली. राहिली एकटी ठकी. ठकी अडीच वर्षांची, गोल चेहऱ्याची, एरवी हट्टी पण गोड. तिची आई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या कारखान्यात मशीनवर होती. “निघालेय” एवढा तिचा फोन आला होता. त्यानंतर फोन लागेना.

जिन्यावर पाऊल वाजलं की ठकी “आई!” म्हणून दाराकडे धावायची. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी वर निघून जायचं, आणि ठकीचा ओठ बाहेर यायचा. शेवटी तिने भोकाड पसरलं. मावशींना दाद देईना, तेव्हा ड्रायव्हरने तिला खांद्यावर घेतलं आणि येरझाऱ्या घालायला लागला.

चालता चालता त्याच्या डोळ्यांसमोर ठकीच्या आईचा रस्ता यायला लागला. त्याच्याच गाडीचा रस्ता होता तो. पण त्याने तो आजवर बसूनच पाहिला होता. नदीवरच्या पुलाला चढ आहे, तिथे भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा धापा टाकते. दिवसभर उभं राहून दमलेलं माणूस तिथे काय करत असेल? त्याला फार वाईट वाटलं. संप खोटा नव्हता, हे तो पक्कं जाणून होता. पण खांदा भिजला होता तोही खराच होता.

ठकी रडून रडून झोपली, आणि तेवढ्यात तिची आई आली. चपला हातात, एका टाचेचं सालपट निघालेलं. ती उंबऱ्यावरच बसली. मावशींनी दिलेलं पाणी घटाघटा प्यायली आणि मग तिचा बांध फुटला.

“मेले स्वतः घरात लोळत असतील आणि आमची पोरं लोकांच्या दारात रडतायत! मागण्या म्हणे यांच्या. एक दिवस चाला म्हणावं माझ्याबरोबर!”

मावशींनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याने ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. शिव्यांची त्याला सवय होती, गाडी उशिरा आली की रोजच मिळायच्या.

मग ठकीच्या आईचं लक्ष त्याच्या खांद्याकडे गेलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “तुम्हीच सांभाळलंत हो हिला इतका वेळ? फार उपकार झाले, काका. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमचं निभतंय.”

शिव्या त्याने गिळल्या होत्या. हे आभार मात्र घशाखाली उतरेनात.

“मी ड्रायव्हर आहे,” तो म्हणाला. “बसचा. संपावर आहे.”

मावशींनी कपाळाला हात लावला.  ठकीची आई उठली, म्हणाली, “द्या तिला,” आणि मुलीला घेऊन जिना उतरायला लागली. दुसऱ्याच पायरीवर तिचा गुडघा लचकला. तिने कठडा घट्ट धरला आणि तशीच उभी राहिली.

“जा ना!” मावशी नवऱ्यावर खेकसल्या. “बघत काय उभे राहिलात?”

तो खाली गेला. त्याने हात पुढे केले. ती हो म्हणाली नाही, पण मुलीला सोडलं.

तिचं घर तिथून एका स्टॉपच्या अंतरावर होतं. ती पुढे लंगडत, तो मागे मुलीला घेऊन.  मागे न बघताच तिने विचारलं, “कशासाठी चाललाय एवढा संप?”

डेपोच्या दारात तो या प्रश्नावर श्वास न घेता बोलायचा. आता सगळी भाषणं कुठे गेली कोण जाणे. “झोपेसाठी,” तो म्हणाला. “एका ड्युटीवर दुसरी लावतात. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाचा स्टिअरिंगवरच डोळा लागला. गाडी फुटपाथवर चढली. तिथे कुणी नव्हतं, म्हणून.”

 “परवा मशीनमध्ये माझं बोट जाता जाता राहिलं,” ती म्हणाली. “मी काय बंद पाडू?”

 त्याने ठकीचं डोकं नीट खांद्यावर टेकवलं.

दाराशी आल्यावर तिने कुलूप काढलं आणि मुलीला घेतलं. “उद्या आहे संप?”

“आहे.”

“आणि परवा?”

“माहीत नाही.”

आता ती म्हणणार, उद्यापासून ठकी येणार नाही. घरी जाऊन हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं, याची तो जुळवाजुळव करायला लागला.

“माझा राग गेलेला नाही, काका.”

“नाहीच जाणार,” तो म्हणाला.

“सकाळी हिला न्यायला या.” दार लावता लावता ती थांबली. “पण लवकर या. मला चालत जायचंय.”