कामावरचा आवाज

“दोन दिवस माझ्यावर नजर ठेव,” बेप्पू स्टेशनच्या बाहेर पडल्या पडल्या अनघा म्हणाली. “आणि उद्या गाडीत बसायच्या आधी खरं काय ते सांग. विश्वनाथला कळू द्यायचं नाही.”

उल्काच्या हातात अजून बॅग होती. ओसाकाहून चार तासांचा प्रवास करून ती गरम झऱ्यांच्या या जुन्या गावात दोन दिवस डुंबायला आली होती, आणि इथे पहिल्याच वाक्याला हे.

“कशावर नजर ठेवू?”

“माझ्या डोक्यावर. गेल्या महिन्यात घराचा रस्ता चुकले मी. बारा वर्षं राहतेय त्या घराचा! विश्वनाथ म्हणतो, वय झालं, होतं असं. पण तू रोज तसली माणसं बघतेस. तू सांगितलंस तर जाईन डॉक्टरकडे. नाहीतर नाही.”

उल्का ओसाकाच्या एका वृद्धकेंद्रात म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची. नवऱ्याच्या पोस्टिंगबरोबर आलेली बायको, घरात बसून कंटाळली, म्हणून आठवड्यातून दोन दिवसांचा बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरला. दोनाचे पाच दिवस कधी झाले ते तिचं तिलाही कळलं नाही. अकरा वर्षांत तिथले नियम अंगात भिनले होते. विसरभोळ्या आजीला हात लावण्याआधी सांगायचं: आता पाय हं, आता पाणी हं, गरम नाही ना? आणि ‘मघाशी केलंत की’ असं चुकूनही म्हणायचं नाही. एकदा फोन चालू राहिला आणि तो मऊ आवाज अनघाच्या कानावर पडला. तेव्हापासून ती त्याची हुबेहूब नक्कल करायची. “आता नाक हं, आजी!” मग दोघी हसून हसून बेजार. कारण एरवी उल्काची जीभ चांगलीच तिखट. ओसाकात शेजारी राहत असताना अनघाच्या हातची एक पोळी तिने टोमण्याशिवाय गिळली असेल तर शपथ.

अनघाच्या परसात जमिनीतूनच वाफ यायची आणि तिच्यावर एक दगडी भट्टी बांधलेली होती. शेजारच्या बायका तिच्यात रताळी, अंडी उकडायच्या. अनघाने मोदक लावले होते. पाकळ्या अशा रेखीव की बघत राहावं.

उल्काने पहिला मोदक फोडला. आत काहीच नव्हतं. दुसराही पोकळ. गूळ-खोबऱ्याचं सारण ओट्यावर, ताटाखाली तसंच झाकलेलं होतं.

“डाएट मोदक!” अनघाचा नवरा विश्वनाथ मोठ्याने हसला.

अनघा हसली नाही. ती उल्काकडे बघत होती. उल्काने मोदकावर तूप वाढून घेतलं आणि म्हणाली, “छान झालीय उकड.”

संध्याकाळी अनघा कपडे आणायला वर गेली तेव्हा विश्वनाथने स्वयंपाकघराचं दार लोटलं. इथल्या युनिव्हर्सिटीत शिकवणारा हा माणूस एरवी भरभरून बोलायचा. आज त्याने आवाज खाली आणला.

“वहिनी, तिने तुम्हाला कशाला बोलावलंय, मला माहितीये. काही नाही म्हणून सांगा. प्लीज. तुमचं ऐकेल ती.”

“आणि असलं तर, भावजी?”

“असलं तरी... या वर्षी नको. मुलगी कॅनडात, इथं आम्ही दोघंच. एकदा डॉक्टरनं आजाराला नाव दिलं की घरात दुसरं काही उरत नाही हो.” त्याने नळ सोडला आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेतले.

उल्काला त्याचा राग आला आणि कीवही आली. रात्रभर ती कूस बदलत राहिली. खरं सांगावं तर एका माणसाचं घर मोडायचं, खोटं सांगावं तर मैत्रीण डॉक्टरकडे जाणारच नाही. सकाळी उठली तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की स्टेशनवरच बघू, सुचेल ते बोलू.

गाडी दुपारची होती. सकाळी अनघा तिला गल्लीच्या स्नानगृहात घेऊन गेली. मोहल्ल्याचं साधं स्नानगृह, मध्ये एक हौद, कडेला बुटकी स्टुलं. आधी बाहेर बसून अंग घासायचं, मगच हौदात उतरायचं. दोन म्हाताऱ्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या. त्यांनी मान लववली.

दोघी शेजारी-शेजारी बसल्या. अनघाने केसांना शाम्पू लावला, खळखळून धुतला. मग बाटली उचलली आणि पुन्हा लावला. पुन्हा धुतला. उल्का आपला पाय घासत राहिली, एकच पाय, किती वेळ कोण जाणे. अनघाचा हात तिसऱ्यांदा बाटलीकडे गेला.

उल्काने हलकेच तो हात धरला. “आता पाणी घेऊ हं. आधी पायावर... गरम नाही ना?”

अनघा थांबली. तिने मान वळवून उल्काकडे पाहिलं.

“हा तुझा कामावरचा आवाज.”

उल्काने तिचा हात सोडला.

“शाम्पू लावून झाला होता ना माझा?”

“दोनदा.”

“मग ओरडली का नाहीस? पूर्वी म्हणाली असतीस, संपव बाई अख्खी बाटली. काल मोदकांनाही काही बोलली नाहीस. तू, आणि पोकळ मोदक गप्प खाल्लेस!” तिने बाटली बाजूला सरकवली. “मला कालच कळलं होतं, उल्का.”

“अगं, मी काही डॉक्टर नाही...”

“उद्या जाते डॉक्टरकडे. विश्वनाथला मी सांगेन, तू नको वाईट होऊस.” तिने पंचा उल्काच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. “पाठ राहिलीय. पण त्या आवाजात नाही हं बोलायचं माझ्याशी.”

उल्काने पंच्याला साबण लावला. आयुष्यात इतक्या पाठी घासल्या, पण ही मैत्रिणीची होती. तिने घसा खाकरला.

“मळ किती साठवलायस गं! भावजी पाणी देत नाहीत का घरात?”

शेवटचे शब्द फाटलेच. हौदातल्या म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं.

“असंच बोलत जा,” अनघा पाठमोरीच म्हणाली. “मी विसरले, तरीसुद्धा.”

उल्काने पंचा पिळला, पुन्हा साबण लावला आणि खांद्यापासून घासायला सुरुवात केली.